पान तेवढं घरून आणा

हे मी लिहिणारच नव्हतो. लवूने बजावलंय की ही गोष्ट त्याच्या आईच्या कानावर जाता कामा नये. पण त्याच्या आईला वाचता येत नाही, आणि कागद काय आपणहून कोणाशी बोलायला जात नाही. म्हणून लिहितो. शेठ जेवायला घरी गेला की ऑफिसातलं मराठी टाइपचं मशीन मोकळं असतं, तेवढ्यात बडवून घ्यायचं. तो आला की थांबायचं. मध्येच कुठे तुटल्यासारखं वाटलं तर तिथे शेठ आला असं समजा.

मी आता वेंगुर्ल्याला काजूच्या कारखान्यात कारकून आहे. गाव माझा इथला नव्हे. मालवण आणि कुणकेश्वरच्या मध्ये, समुद्राला अगदी चिकटून. वडील वारले तेव्हा मी सातवी पास झालो होतो. किराणाचं दुकान होतं, ते कोणीतरी चालवायला पाहिजे, म्हणून माझी शाळा तिथेच संपली. आणि त्याच वर्षी लवू आमच्या गावात शिकायला आला.

लवू घाटाकडचा, म्हणजे कणकवलीच्याही पलीकडे, डोंगराच्या पायथ्याचा. त्यालाही बाप नव्हता. आई शेवंती, दुसऱ्यांच्या मळ्यात राबायची. तिकडच्या शाळेतले एक मास्तर बदलून आमच्याकडे आले, ते येताना ह्याला घेऊन आले. पोरगा हुशार, तिथे राहिला तर गुरं राखील, म्हणून. मास्तरांच्या घरात स्वतःचीच भरपूर पोरं. मग त्यांनी सात घरं गाठली आणि लवूचे सात वार लावून दिले, रोज एका घरी जेवण. राहायला सत्यवानाच्या घरचा मांगर, जाळी आणि वल्ही ठेवायची खोपटी. सत्यवान म्हणजे आमच्यातला सगळ्यात दांडगा, हुतुतूत तिघांना अंगावर घेऊन रेषेपर्यंत येणारा.

सोमवार आमच्याकडे होता. आमच्या घरात सोमवारी मासे शिजत नाहीत, कुणकेश्वराचा वार. चार वर्षं लवू आमच्याकडे जेवला, पण आमच्या चुलीवरचा मासा त्याने चाखला नाही. सत्यवान त्याला म्हणायचा, बाबूच्या आवशीने तुका बरोब्बर वळाखल्यान. बाबू म्हणजे मी, आवस म्हणजे आई.

जेवून झालं की लवू दुकानाच्या फळीवर पुस्तक उघडायचा आणि आठवड्यात शाळेत काय झालं ते मला सांगायचा. आठवीपासून मॅट्रिकपर्यंत मी असा सोमवारी-सोमवारी शिकलो. मला जे इंग्रजी येतं ते सोमवारचं, बिनमाशाचं.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आमच्याकडे जेवायला यायच्या आधी लवू विहिरीवर थांबायचा आणि पोट भरून पाणी प्यायचा. तांब्यावर तांब्या. एकदा मी बघितलं आणि विचारलं, तर म्हणाला, तहान लागली. ती तहान नव्हती. पानावर बसला की भूक दिसू नये, दुसऱ्यांदा भात मागायची वेळ येऊ नये, म्हणून पोट आधीच अर्धं बुजवून यायचा. आई वाढायला वाकली की पानावर हात आडवा. चार वर्षांत त्याने माझ्या आईकडे परत भात मागितला नाही. आई म्हणायची, ह्या झिलाचा पोट चिमणीएवढा. आम्ही हसायचो.

मॅट्रिकची परीक्षा झाली आणि तो आता जाणार हे ठरलं. मामा मुंबईत होता, तो कुठेतरी चिकटवणार होता. तेव्हा एका संध्याकाळी हुतुतूच्या मैदानात, सगळे घामाने चिकट होऊन वाळूत पडलो होतो, आणि लवू म्हणाला की जाण्याआधी मी तुम्हाला सगळ्यांना जेवण घालणार.

सगळे हसले. सत्यवानाने विचारलं, मांगरातली जाळी शिजवून घालतंस की वल्ही.

लवू हसला नाही. त्याने सगळं ठरवून ठेवलं होतं. सात घरांतली पोरं आणि खेळातले दोघे, असे आम्ही नऊ जण. नऊ जणांची भूक म्हणजे काय ते त्याला माहीत होतं, कारण चार वर्षं आमच्या पानाशेजारी बसून तो तीच बघत आला होता. सत्यवान एका बैठकीला किती भात खातो हे सत्यवानाच्या आईपेक्षा त्याला जास्त ठाऊक.

मासे रापणीचे. रापण म्हणजे भलं मोठं जाळं. होडीतून समुद्रात गोल टाकून येतात आणि मग किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढतात. आमच्याकडे रीत अशी की दोराला जो हात लावील त्याला वाटा, मग तो कोणाचा कोण असो. परीक्षा संपल्यापासून लवू रोज पहाटे दोर ओढायला जात होता आणि वाटा न घेता परत येत होता. तांडेलाला, म्हणजे रापणीच्या म्होरक्याला, त्याने सांगून ठेवलं होतं, माझं सगळं एकदम रविवारी द्या. मोठे मासे नकोत, तारली द्या. तारली म्हणजे स्वस्त मासळी, उधाण आलं की माडांच्या मुळात खत म्हणून घालतात. त्यावर सत्यवानाने नाक मुरडलं. लवू म्हणाला, आधी सगळ्यांनी मिळून दोर ओढायचा, मग हुतुतू खेळायचा, मग जेवायला बसायचं. एवढं केल्यावर तारली पण पापलेट लागते.

तांदूळ त्याच्या घरचे, उकडे, लाल. ते घेऊन त्याची आई येणार आणि तीच रांधणार. सोलं तिच्याच परसातली. नारळासाठी त्याने कोणाच्यातरी माडांना पाणी शिंपलं होतं. देवळातला मोठा टोप, गावजेवणाला कोंबडे शिजतात तो, मानकऱ्यांना विचारून घेतला होता. चुलीला समुद्रावरचे धोंडे आणि पडलेली झावळं. मी म्हटलं, मीठ-मसाला दुकानातून घे, तर म्हणाला घेतो, आणि दुसऱ्या दिवशी येऊन घेतलं, रोख. मी नको म्हटलं तर पुडी तिथेच ठेवून निघाला. पैसे घ्यावेच लागले.

"खंयच्याच घरातला काय आणूचा नाय," तो म्हणाला. "भात माझ्या आवशीचो, मासे माझ्या हाताचे. तुमी फकत भूक घेवन येवा." आणि मग जरा थांबून, कारण मांगरात केळी कुठल्या, "आणि पान तेवढा घरसून आणा."

सत्यवान म्हणाला, घाटाकडची बाय ती, तिका तारली रांदूक येता काय. तुमच्याकडे व्हाळातले खेकडे सोडून काय मिळता.

"दोनदा मागलंस नाय, तर माझा नाव बदल," लवू म्हणाला.

त्याच्या त्या बोलण्यात मस्करी होती, पण सगळी मस्करी नव्हती. चार वर्षं सात घरांत पानावर हात आडवा धरला होता. आता त्याला एकदाच बघायचं होतं, की आपल्या अन्नावर दुसरा कोणीतरी भुकेने बसलाय, परत मागतोय आणि आपली आई वाढतेय. टोप तळापर्यंत खरवडलेला बघायचा होता. त्याने हे असं बोलून दाखवलं नाही. पण मी सोमवारवाला, मला कळत होतं.

शनिवारी संध्याकाळच्या गाडीने शेवंतीकाकी आली. मी दुकानातून बघितलं. बारीक बाई, डोक्यावर तांदळाचं बोचकं, हातात एक पिशवी. पिशवीत माशांच्या कालवणात घालायची तिरफळं होती, हिरवीगार घोसाची नव्हे, वाळवून ठेवलेली, तिच्या डोंगरातली. कणकवलीच्या बाजारात बसणाऱ्या एका कोळणीला तिने आठवडाभर आधी जाऊन विचारलं होतं, तारली कशी करतात. त्या बाईने सांगितलं ते तिने घरी सुक्या माशांवर करून बघितलं. हे मला लवूने त्याच रात्री सांगितलं आणि सांगताना तो हसत होता. म्हणाला, आवस वाटेवर माका दोनदा इचारता, तुज्या दोस्तांका तिखट चलता मां.

मी घरी आलो आणि आईला सांगितलं. डोक्यावर तांदूळ घेऊन आली, म्हटलं. मी कौतुकाने सांगितलं होतं. आईने ते दुसऱ्या दिवशी पहाटे विहिरीवर सांगितलं. तिनेही कौतुकानेच.

रविवारी पहाटे आम्ही नऊच्या नऊ रापणीवर होतो. अशी मजा परत नाही आली. अर्धे एका दोराला, अर्धे दुसऱ्या. तांडेल शिव्या घालतोय, सत्यवान मागून ढकलतोय, पायाखालची वाळू सरकतेय. जाळं काठाला आलं तेव्हा तारलीने नुसतं चमकत होतं. तांडेलाने लवूची टोपली भरली आणि वर आणखी ओंजळ टाकली, म्हणाला, पोरगो आठवडोभर बापाच्या रापणीसारखो राबलो. उंडीच्या झाडाखाली शेवंतीकाकीने चूल मांडली होती. तिने टोपली बघितली, हात जोडले समुद्राला, आणि कोयती घेऊन बसली. आमच्या पोटात तेव्हा कावळे ओरडत होते. पहाटेपासून कोणी काही खाल्लं नव्हतं. तेव्हाच जेवायला बसवलं असतं तर टोपासकट खाल्लं असतं.

पण भात व्हायचा होता. आणि आमच्या अंगाला खवले आणि वाळू. लवू म्हणाला, जावा, आंघोळी करा, पान घेवन मैदानार येवा.

घरी गेलो. न्हालो. परसातल्या केळीचं चांगलं मोठं पान कापलं, धुतलं, गुंडाळलं आणि निघालो.

"पान घेवन खंय चललंस?" आई म्हणाली. "आधी बस हंय."

मी म्हटलं, थंयच जेवूचा आसा.

"ता माका म्हायत आसा. म्हणानच बस. ती बाय डोक्यार तांदूळ घेवन इली. तुमी नऊ जणां भुकेली थंय तुटून पडलास, तर तिच्या पोटाक काय रवतला?"

तव्यावर घावणे होते. बाजूला काळ्या वाटाण्याची आमटी. आमच्याकडे कोणाच्या घरी जेवायला जायचं असलं तरी घरून थोडी पेज पिऊनच निघायची सवय. उपाशी पोर दुसऱ्याच्या दारात गेलं तर त्यात घरच्यांची लाज. पण त्या दिवशी आईने पेज नाही दिली, घावणे केले, आणि मी किती खातोय ते बघत समोर बसली. मला ते पटलं हो. खरंच पटलं. डोळ्यांसमोर ते बोचकं आलं. म्हटलं, बरोबर आहे, आपण थोडं कमी खाल्लं तर बाकीच्यांना पुरेल. शिवाय पहाटेपासूनची भूक. घावणे मऊ होते. मी पोटभर खाल्ले.

म्हणजे लवू चार वर्षं विहिरीवर जे करायचा तेच मी केलं. फक्त त्याला पाणी होतं आणि मला घावणे.

मैदानात आलो तर सगळे आले होते, प्रत्येकाच्या काखेत पान. खेळ सुरू झाला आणि तो खेळच नव्हता. सत्यवान दम घेऊन गेला आणि अर्ध्यावरून परत आला. दुसरा एक जण पकडायला गेला आणि वाळूत बसूनच राहिला. मी धावलो तर वाटाणे गळ्याशी आले. लवू एकटा वाऱ्यासारखा. तो कंबरेवर हात ठेवून म्हणाला, आज काय सगळे गाभण म्हशी झालास काय रे. आम्ही हसलो. मला वाटत होतं, मी एकटाच भरलेला. बाकीचे रापण ओढून दमले असतील.

मग पानावर बसलो. उंडीच्या सावलीत दोन ओळी. लवू बसला नाही, तो वाढत होता. शेवंतीकाकीने पदर खोचला होता. तिने भात वाढला तो असा वाढला की बघूनच पोट फुटावं, डोंगर, आणि त्यावर तारलीचं तिखलं, म्हणजे तिखट कालवण. वाफ आली, त्या वाफेत तिरफळाचा वास. मी शपथेवर सांगतो, ते तिखलं आमच्या घरच्यापेक्षा चांगलं होतं. आमच्या किनाऱ्यावरच्या बायका तिरफळं बाजारातून आणतात, हिची झाडाखाली वेचलेली. पहिला घास घेतला आणि मला रडूच आलं. पुढच्या घासाला जागा नव्हती.

मी मान वर करून बघितलं. समोरचा भातात बोटं फिरवतोय. शेजारचा माशाचा काटा काढतोय तो काढतच बसलाय. आणि मग एक एक करून सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं, आणि नऊच्या नऊ जणांना एकदमच कळलं. कोणाच्या घरी घावणे, कोणाकडे आंबोळ्या, कोणाकडे सरळ भात-आमटी. सगळ्या आयांनी एकच केलं होतं. पहाटे विहिरीवर ठरवून केलं की आपापल्या मनाने, ते मी अजून आईला विचारलेलं नाही.

"जेवा रे झिलांनो," काकी म्हणाली. "आसा भरपूर. लाजा नको."

ती टोप घेऊन आली की एकेकाचा हात पानावर आडवा जायचा. नऊ हात. लवू तिच्या मागे सोलकढी घेऊन उभा होता. तो हात त्याला चांगलाच माहीत होता, पण आमच्या पानावर तो कधी बघितला नव्हता. त्याच्या तोंडावरचं हसू होतं तसंच राहिलं, फक्त त्यातून काहीतरी निघून गेलं.

सत्यवानाला ते बघवलं नाही. त्याने हाक मारली, काकी, माका वाढा, आणि चांगलं खच्चून वाढून घेतलं. लवूकडे बघून म्हणाला, हे एकदा. भराभर खाल्लं. परत मागितलं. हे दुसऱ्यांदा. कपाळावर घाम. अर्ध्यात तो उठला, झाडांच्या मागे गेला, आणि आम्हाला सगळ्यांना आवाज ऐकू आला.

शेवंतीकाकी पाणी घेऊन त्याच्या मागे धावली. तिने बघितलं. परत आली आणि तिने टोपातला डाव काढून बाजूला ठेवला.

"माका समुद्राचा रांदूक जमणा नाय," ती म्हणाली. कोणाला असं नाही, चुलीकडे बघून. "उगाच पोरांका खावक घातलंय."

लवूने आमच्याकडे बघितलं. कोणीतरी काहीतरी बोलेल म्हणून. आणि बोलायला एकच गोष्ट होती, की आम्ही जेवून आलोय. पण ते बोललं की पुढचा प्रश्न येणार, का जेवून आलात. आणि त्याचं उत्तर त्या बाईच्या तोंडावर कसं द्यायचं? तुझ्याकडे पुरणार नाही असं आमच्या घरच्यांना वाटलं म्हणून? टोप तर अर्ध्याहून जास्त भरलेला समोर होता. सगळे पानाकडे बघत बसलो.

देवळाच्या टोपात अन्न ठेवून तो परत करत नाहीत. काकीने भात तिच्या त्याच कापडात काढला, ज्यातून तांदूळ आणले होते, आणि गाठ मारली. तिखलं आम्ही रापणीवरच्या बायकांकडे नेऊन दिलं. टोप लवूने एकट्याने घासला, आम्हाला हात लावू दिला नाही. दुपारच्या गाडीला काकी उभी होती, डोक्यावर तेच बोचकं, आता ओलं आणि जड. जसे तांदूळ आले तसा भात गेला. सत्यवान लांब रस्त्याच्या कडेला उभा होता, जवळ यायची त्याची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी रापणीवरची हौसाबाई आमच्या दुकानात आली. म्हणाली, कोणी रे रांदल्यान ता तिखला, बोटां चाटून खाल्लंव. गाडी जाऊन तेव्हा कितीतरी वेळ झाला होता.

लवूही दोन दिवसांनी गेला. माझ्याकडे सोमवारी आला, शेवटचा, आईच्या पाया पडला, जेवला. विहिरीवर थांबला होता की नाही ते मी बघायला गेलो नाही. पुस्तकं सगळी माझ्यासाठी ठेवून गेला. रविवारबद्दल एक शब्द नाही. नंतर एक-दोन कार्डं आली, खुशालीची. मी उत्तर लिहायला बसलो की हेच लिहावंसं वाटायचं, आणि मग हवापाण्याचं लिहून टाकायचो.

हे झालं मागचं. आता मागच्या आठवड्यातलं.

मशीनवर चलान टाइप करत होतो, तर दारात लवू. अंगाने भरलाय जरा. गोदीत कारकून आहे, नोकरी कायम झाली. रजेवर आला होता, मुद्दाम वाट वाकडी करून वेंगुर्ल्याला उतरला. सुट्टी झाल्यावर आम्ही बंदरावर जाऊन बसलो. मी चहा-भजी मागवली. त्याने खाल्ली, आणि मी बघितलं की दुसरी बशी त्याने स्वतः मागितली. बरं वाटलं.

त्याला खोली मिळाली होती. आईला घेऊन जायला आला होता. आणि ती येत नव्हती. अजून मळ्यात राबते, कंबर गेलीय, तरी नाही म्हणते. तो खानावळीत जेवतो, म्हणजे अजून दुसऱ्यांच्याच हातचं. तिला म्हणाला, मला घरचं मिळेल, तुलाही आराम. तर ती म्हणते, मुंबईक तुजे दोस्त येतले, साहेब येतले. तेंका माज्या हातचा जावचा नाय. मी हंयच बरी. शेजारी लग्न असलं तरी आता चुलीपाशी जात नाही म्हणाला, नुसती विळी घेऊन बसते, नारळ खवते. मासे तर त्यानंतर तिने शिजवलेच नाहीत.

होड्या लागत होत्या. बायका टोपल्या घेऊन पाण्यात उतरल्या होत्या. लवू तिकडे बघत होता.

"बाबू, खरा सांग," तो म्हणाला. "त्या दिवशी जेवणात काय वायट होता?"

मी म्हटलं, "वायट काय नाय होता. आमी जेवन इलंव."

"सगळे?"

"सगळे. पान आणूक घराक गेलंव, थंय आवशीनी बसवल्यानी."

भज्यांखालचा कागद त्याने घडी करून करून एवढासा केला. मला वाटलं आता उठून जाईल, आणि गेला असता तरी चाललं असतं. मग तो हसायला लागला, पण ते हसणं ऐकून मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"पान आणूक मीच सांगलंय," तो म्हणाला. "सगळा ठरवलंय. भूक ठरवलंय, मासे ठरवलंय. घराक गेलेल्या झिलाक आवस उपाशी सोडणा नाय, ह्या काय माज्या ध्यानात इला नाय."

कसं येणार? चार वर्षं त्याला तिथे घरच नव्हतं. त्याने सगळ्याचा हिशोब केला आणि आयांचा सोडून दिला.

मी म्हटलं, मी येतो, काकीला समजावून सांगतो. हौसाबाई काय म्हणाली ते पण सांगतो. त्याने मान हलवली. म्हणाला, तिला कळलं की आपण गरीब म्हणून पोरं पोट भरून आली, तर ते ह्याच्यापेक्षा वाईट. आणि गोड बोलून सांगितलं तर ती ऐकून घेईल, विश्वास ठेवणार नाही.

"तिका टोपाचो तळ दिसाक व्हयो," तो म्हणाला. "दुसरा काय नको."

त्याची घरी परत जायची गाडी होती. मी स्टँडपर्यंत गेलो. सत्यवान आता मालवणात होडीवर असतो, त्याला मी दुसऱ्या दिवशी निरोप धाडला. बाकीच्यांतले जे गावात आहेत ते येतील. आईला मी काही कळवलेलं नाही, कळवलं तर ती घावणे घेऊन स्टँडवर येईल. मी इथूनच परस्पर निघेन.

गाडी सुटताना लवू खिडकीत बसला होता, आणि त्याने विचारलं नव्हतं तरी मी खिडकीच्या गजाला धरून त्याला सांगितलं.

"फुडच्या रविवारी येतंय. सत्यवानाक घेवन येतंय, गावतले ते सगळे घेवन येतंय. आदल्या दिसापासून कोणाच्या पोटात काय जावचा नाय, माजी जबाबदारी. तिका सांग तारली रांद, आणि मोठो टोप चढव. आणि लवू, पान आमी आणूचंव नाय. तुमच्याच परड्यातली केळ काप."